फक्त एक खेळी पुढे

समजा, बुद्धिबळाचे दोन खेळाडू समोरासमोर बसलेत. दोघांचं ज्ञान तंतोतंत सारखं, सवयी सारख्या, खोडीसुद्धा सारख्या. फरक एवढाच, की एकाला चार खेळ्या पुढचं दिसतं आणि दुसऱ्याला पाच. पांढऱ्याची हालचाल ही एक खेळी, काळ्याचं उत्तर ही दुसरी. कोण जिंकेल?

माणसांत अशी जोडी सापडणार नाही. पण अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसनने (युनिक्स घडवणाऱ्यांपैकी एक) 1980च्या आसपास ती तयार केली. जो कॉन्डनबरोबर बनवलेलं 'बेल' हे आपलं बुद्धिबळयंत्र त्याने स्वतःशीच खेळवलं, एका बाजूला एक खेळी जास्त खोल पाहू देऊन. निकाल थक्क करणारा होता. एकेका जादा खेळीमागे ताकद साधारण 200 एलो गुणांनी वाढत होती! 200 गुणांचा फरक म्हणजे काय? चार डाव खेळलात तर जवळपास तीन डावांचे गुण समोरच्याच्या खिशात.

आणि हे ज्ञानात कणभरही भर न घालता. मग ताकद आली कुठून?

यंत्र शेवटी जे मोजतं, ते बरंचसं ओबडधोबड असतं: कुणाकडे किती मोहरे, कुणाची प्यादी विस्कटलेली. पण आजचं दुबळं प्यादं सात खेळ्यांनंतर मारलं जाणार असेल, तर सात खेळ्या पाहणाऱ्याला 'दुबळं' म्हणजे काय हे कळायची गरजच नाही. त्याला फक्त एक प्यादं कमी झालेलं दिसतं. उस्तादाला वर्षानुवर्षांच्या अनुभवाने जे जाणवतं, ते इथे निव्वळ मोजणीतून हाती येतं. मला या साऱ्या गोष्टीत याहून विलक्षण काही वाटत नाही.

किंमत मात्र जबर आहे. डावाच्या सुरुवातीला 20 खेळ्या शक्य असतात. दोन खेळ्यांनंतर वाटा 400, चार खेळ्यांनंतर 1,97,281, सहानंतर 11,90,60,324! इथे 'अल्फा-बीटा' ही युक्ती धावून येते. एखाद्या खेळीला प्रतिस्पर्ध्याचं एक जरी खणखणीत उत्तर सापडलं, तरी ती खेळी बाद; बाकीची उत्तरं तपासायचीच कशाला? चांगल्या खेळ्या आधी तपासल्या, तर उत्तम परिस्थितीत त्या बारा कोटींच्या जागी वीसेक हजार वाटा पुरतात. तेवढ्याच कष्टात जवळपास दुप्पट खोली, आणि उत्तरात तिळमात्र फरक नाही.

तरी खोलीला कड असतेच, आणि कडेवर गंमत घडते. उंट जाणार हे दिसलं की यंत्र मध्येच प्यादी बळी देत सुटतं. हप्ता चुकवण्यासाठी नवं कर्ज काढणाऱ्या माणसासारखं ते संकट नजरेच्या पलीकडे ढकलतं आणि संकट टळलं असं समजतं. हान्स बर्लिनर यांनी याला क्षितिज-परिणाम म्हटलं. म्हणून आज्ञावली मारामारी ऐन रंगात असताना थांबत नाहीत. पट शांत होईपर्यंत पाहतात आणि मगच गुण देतात.

जास्त खोल पाहणं नेहमीच चांगलं, हे आपण किती सहज धरून चालतो! डाना नाऊ या संशोधकाने गणिताने दाखवून दिलं, की काही खेळांत जितकं खोल पाहावं तितकी निवड बिघडते, कारण अंदाजांतल्या चुका वर येता येता साचत जातात. बुद्धिबळ यातून वाचलं. इथे शेजारशेजारच्या स्थितींची किंमत एकमेकींशी मिळतीजुळती असते. चांगल्या स्थितीतून बहुधा चांगल्याच स्थिती निघतात.

पण प्रत्येक पायरीचा लाभ सारखा नसतो. थॉम्पसनच्या प्रयोगातही वरच्या पायऱ्यांवर वाढ आकसत गेली. पुढे रॉबर्ट हायट आणि मॉन्टी न्यूबॉर्न यांनी 'क्राफ्टी' या आज्ञावलीला एकेका स्थितीवर चौदा खेळ्यांपर्यंत विचार करायला लावलं आणि तिचं मत कधी बदलतं ते नोंदवलं. तेरा खेळ्यांपर्यंत पाहून पसंत केलेली चाल चौदाव्या खेळीला सोडून द्यावी, असं काही स्थितींत तेव्हाही घडतच होतं.