मटार, मोरी आणि ऑडिट

थंडी पडली की पुण्याच्या गुलटेकडीत आणि नागपूरच्या कळमन्यात मध्य प्रदेशातून मटारचे ट्रक येऊ लागतात. त्यात जबलपूरचा वाटा मोठा. शहपुरा, पाटन, सिहोरा या पट्ट्यातल्या काळ्या जमिनीत हे पीक असं रुजलं आहे की ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजनेत जबलपूरच्या नावापुढे मटारच लिहिला गेला. साहजिकच गोठवलेल्या मटारचे कारखाने आले, त्यांच्यामागून मोठे खरेदीदार आले आणि खरेदीदारांबरोबर प्रमाणपत्रांची मागणीही आली.

सरकारचा अन्नसुरक्षा परवाना सगळ्यांनाच लागतो. पाकिटावरचा चौदा आकडी क्रमांक तोच. त्यासाठी 2011 च्या नियमावलीचं चौथं परिशिष्ट पाळावं लागतं: पिण्यायोग्य पाणी, कामगारांची वार्षिक वैद्यकीय तपासणी, कीटकबंदोबस्त. पण हॉटेलांच्या साखळ्या, सुपरमार्केटं आणि निर्यातदार एवढ्यावर थांबत नाहीत. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना ‘एफएसएससी 22000’ हे अन्नसुरक्षेचं प्रमाणपत्र हवं असतं. त्याची सहावी आवृत्ती एप्रिल 2023 मध्ये आली. 1 एप्रिल 2024 पासून तिच्यानुसार ऑडिटं सुरू झाली आणि 31 मार्च 2025 पर्यंत जुन्या प्रमाणपत्रधारकांना तिच्यावर यावं लागलं. ही तारीख मटारच्या हंगामाच्या शेपटीला आली, हे जबलपूरकरांच्या दृष्टीने गैरसोयीचंच. ऑडिटरला लाइन चालू हवी असते आणि ती चालते थंडीत, म्हणजे कोणालाही मान वर करायला फुरसत नसते तेव्हा.

ही लाइन कशी असते ते पाहू. शेंगा पोत्यांतून येतात, सोलणी यंत्रात फुटतात. दाणे धुतले जातात, हलका कचरा आणि पोचट दाणे वेगळे होतात. मग ब्लांचर: नव्वद अंशांच्या आसपासच्या पाण्यात किंवा वाफेत मिनिट-दोन मिनिटं. इथे दाणा शिजवायचा नसतो, त्यातली विकरं मारायची असतात. नाहीतर फ्रीजरमध्येही महिन्याभरात त्याला गवताचा वास येऊ लागतो. प्रयोगशाळेतली मुलगी चार दाणे ठेचते, त्यांवर ग्वायकोल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेंब टाकते. तपकिरी-लालसर रंग चढला तर विकर जिवंत. ब्लांचरचा पट्टा हळू करा. त्यानंतर थंड पाणी आणि मग गोठवणीचा बोगदा. उणे तीस-चाळीस अंशांची हवा खालून इतक्या जोरात येते की दाणे पट्ट्यावर उकळत्या पाण्यासारखे नाचतात आणि एकमेकांना न चिकटता सुटे गोठतात. आतला गाभा उणे अठराला गेला की वर्गवारी, धातूशोधक, पॅकिंग.

इंग्लंडमध्ये शेतातून यंत्राने सोललेला दाणा अडीच तासांत गोठवल्याची जाहिरात होते. आपल्याकडे शेंग हाताने तोडतात, दाणा सालीत राहतो आणि तेवढी उसंत मिळते. मजुरी स्वस्त असल्याचा हा एक अनपेक्षित फायदा म्हणायचा.

आता खरी मेख. ब्लांचरच्या उष्णतेत लिस्टेरिया मोनोसायटोजेनिस हा जीवाणू मरतो. दाणा पुन्हा दूषित होतो तो ब्लांचरच्या पुढे, थंड पाण्यात, पट्ट्याच्या सांध्यात, बोगद्याच्या छतावरून ठिबकणाऱ्या दवात. हा जीवाणू फ्रिजच्या थंडीतही वाढतो आणि मोरी हे त्याचं आवडतं घर. 2018 मध्ये युरोपातल्या पाच देशांत पसरलेल्या लिस्टेरिया साथीचा माग गोठवलेल्या मक्यापर्यंत आणि तिथून हंगेरीतल्या बाजा गावच्या कारखान्यापर्यंत गेला. त्या वर्षीच्या जूनपर्यंत 47 रुग्ण आणि 9 मृत्यू नोंदले गेले होते. गोठवलेली भाजी लोक न शिजवता सॅलडमध्ये टाकतात, हे त्यानंतर सगळ्यांच्या लक्षात आलं.

म्हणूनच सहाव्या आवृत्तीत परिसराच्या तपासणीवर भर आहे. तयार पाकिटाचा नमुना स्वच्छ निघाला एवढ्यावर भागत नाही. पट्टा, त्याची चौकट, जमीन, मोरी अशा वेगवेगळ्या जागांवरून स्वॅब घ्यायचे आणि जीवाणूचा माग दाण्यापर्यंत पोहोचण्याआधी काढायचा. अनेक कारखाने इथेच अडतात. मोरीत लिस्टेरिया सापडला तर तो पद्धतीचा विजय असतो, पण मालकाला तो कलंक वाटतो. मग स्वॅब घेतले जातात ते नुकत्याच धुतलेल्या जागेचे आणि अहवाल वर्षभर ‘निरंक’. अनुभवी ऑडिटरला असा सलग निरंक अहवालच आधी खुपतो.

ऑडिटच्या आठवड्यात होणाऱ्या लगीनघाईविषयी मात्र माझं मत फारसं चांगलं नाही. भिंतींना रंग, नव्या टोप्या, दारावर हात धुण्याचं चित्र. पण तीन वर्षांच्या चक्रात एक तरी ऑडिट न सांगता येतं, तिथे रंग कामाला येत नाही. शिवाय नव्या आवृत्तीत अन्नसुरक्षेची ‘संस्कृती’ तपासतात, म्हणजे सोलणीच्या पट्ट्यापाशी उभ्या बाईला ऑडिटर हिंदीत सरळ विचारतो, हातमोजा फाटला तर काय कराल? ‘साहब को बताएँगे’ हे उत्तर बरं. पण लाइन थांबवण्याची मुभा तिला आहे का, हा पुढचा प्रश्न, आणि त्याला सुपरवायझरच्या चेहऱ्यावरच उत्तर सापडतं.

बाकीच्या नव्या कलमांपैकी काही जबलपूरला सहज झेपतात. अन्नाची नासाडी कमी करण्याचं लेखी धोरण हवं. शेंगेच्या वजनात निम्म्याच्या आसपास साल, ती आधीपासूनच गवळ्यांकडे जाते, फक्त कागदावर आणायची. ॲलर्जीचं कलम ऐकून आधी हसू येतं. मटारच्या कारखान्यात ॲलर्जी कसली? पण हिवाळ्यात कामगाराच्या खिशात मूंगफली असतेच आणि शेंगदाणा आपल्या लेबलच्या नियमांत ॲलर्जीच्या यादीत आहे. 2024 च्या दुरुस्तीने या प्रमाणपत्राचा पाया असलेल्या आयएसओ 22000 मध्ये हवामानबदलाचाही विचार आला. फुलोऱ्यात ऊन वाढलं की दाणा भरत नाही, हे शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको. त्यातच 2025 मध्ये स्वच्छतेच्या पूर्वअटींची आयएसओ 22002 ही मालिका नव्याने आली, तेव्हा फायली पुन्हा उघडणं आलंच.

ऑडिटमध्ये दोष निघाला की कारखान्यात म्हणतात, ‘एनसी निघाली’, म्हणजे नॉन-कन्फॉर्मिटी. किरकोळ असेल तर उपाययोजना लिहून द्यायची, मोठी असेल तर 28 दिवसांत पुराव्यासह मिटवायची. तीन-चार महिन्यांच्या हंगामात 28 दिवस म्हणजे पाव हंगाम. त्यामुळे खरी तयारी पावसाळ्यात होते. बोगदा उघडून बाष्पीभवकाची पाती धुणं, झिजलेले पट्टे बदलणं, जमिनीच्या भेगा बुजवणं, मोरीच्या जाळ्या उचलता येतील अशा करणं. तेव्हा कारखान्यात मटारचा दाणाही नसतो आणि फोटो काढायलाही कोणी येत नाही.

उरतो तो मालाचा माग. सराव म्हणून एखादं पाकीट उचलायचं आणि त्यातला दाणा कुठून आला ते काही तासांत शोधायचं. पाकिटावरून बॅच, बॅचवरून आवक, इथपर्यंत संगणक झटपट पोहोचवतो. मंडीतून घेतलेल्या मालात मात्र एका आडत्याकडे अनेक शेतांची पोती एकत्र होतात. ज्यांनी शेतकरी गटांशी थेट खरेदी ठरवली आहे, त्यांना कोणत्या शेतात कोणतं औषध कधी फवारलं हेही सांगता येतं. बाकीच्यांची साखळी आडत्याच्या पावतीपाशी संपते. एक पाऊल मागे, एक पाऊल पुढे एवढाच माग बंधनकारक असल्याने ऑडिटर ती पावती पाहतो, क्रमांक टिपतो आणि पुढच्या कलमाकडे वळतो.