भेव कशाचं वाटतं? हॉरर गेमविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

भुताचा चेहरा जितका भेसूर आणि ग्राफिक्स जितकं भारी, तितका गेम भीतीदायक, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा ‘ग्रॅनी’ पाहावा. २०१७ साली आलेला हा मोबाइल गेम. बुलढाण्यात घाटावर विचारा की घाटाखाली, शाळकरी पोरांना हे नाव नवं नसतं. त्यातली म्हातारी चित्र म्हणून अगदीच ओबडधोबड आहे. दिवसाउजेडी तिचं नुसतं चित्र दाखवलं तर पोरं हसतील. तरी तीच पोरं रात्री गोधडीत मोबाइल घेऊन बसली की घामाघूम होतात.

याचं कारण खेळाच्या नियमात आहे. तुम्ही एका बंद घरात जागे होता. सुटायला पाच दिवस मिळतात. खणाखणात किल्ल्या, पक्कड, हातोडा असं काहीबाही शोधायचं आणि दार उघडायचं. मात्र हातातली वस्तू जमिनीवर पडली किंवा पायाखालची फळी करकरली, की म्हातारी घरात कुठेही असो, त्या आवाजाच्या रोखानं निघते. म्हणजे आवाज करायची चोरी, आणि शोधाशोध केल्याशिवाय सुटका नाही. पोरगं घाबरतं ते या कोंडीला. चेहरा तर शेवटच्या क्षणी दिसतो, तोवर घाबरून झालेलं असतं.

‘अंधार आणि धुकं टाकलं की झालं’ हा दुसरा समज. याबाबतीत ‘सायलेंट हिल’ची हकिगत मजेशीर आहे. १९९९ साली जपानच्या कोनामी कंपनीनं हा गेम पहिल्या प्लेस्टेशनसाठी काढला. त्या यंत्राला सगळं गाव एकदम पडद्यावर काढणं झेपत नव्हतं. लांबची घरं, रस्ते झाकणं भाग होतं. म्हणून गावावर धुकं पसरवलं. अडचणीतून निघालेली ही वाट पुढे त्या गेमची ओळख होऊन बसली. पण नुसत्या धुक्यानं कुणी घाबरलं नसतं. नायकाच्या खिशात एक छोटा रेडिओ असतो आणि काही अभद्र जवळ आलं की तो खरखरतो. कोण आलं, कुठून आलं, यातलं काही तो सांगत नाही. काहीतरी आहे, एवढंच कळतं. संपूर्ण अज्ञानात माणूस बेफिकीर असतो, पुरती माहिती मिळाली तर तयारीत असतो. अर्धवट कळलं की मात्र त्याचं डोकं उरलेला भाग स्वतःच रंगवू लागतं. हे काम कुठल्याही चित्रकारापेक्षा ते चांगलं करतं.

आता दचकण्याबद्दल. एकदम किंचाळी, पडद्यावर झेपावणारं थोबाड, आणि हातातला मोबाइल उडतो. यालाच लोक हॉरर समजतात, आणि हा समज पसरवण्यात यूट्यूबवर किंचाळणाऱ्या मंडळींचा हात मोठा आहे. दचकणं ही शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया आहे. अचानक मोठा आवाज झाला की विचार करायच्या आत पापण्या मिटतात, मान आखडते. लग्नात कुणी कानाशी सुतळी बॉम्ब फोडला तरी हेच होतं. त्यात कथा नाही, भूत नाही. आणि तोच धक्का पुन्हा पुन्हा दिला तर तो बोथट होतो. १९९६ च्या पहिल्या ‘रेसिडेंट ईव्हिल’मध्ये एका बोळातून जाताना खिडकीची काच फोडून कुत्रा आत उडी मारतो. तो धक्का गाजला. पण खेळणाऱ्याला जन्मभर आठवतात त्या त्यानंतरच्या खिडक्या, ज्यांतून काहीच येत नाही. चांगला गेम धक्का हात राखून वापरतो. फालतू गेम दर मिनिटाला किंचाळतो आणि दहाव्या मिनिटाला कंटाळा आणतो.

भीती ही वाट पाहण्यात असते, हे बुलढाणेकरांना २०१९ च्या अखेरीस प्रत्यक्ष अनुभवायला मिळालं. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला टी१सी१ नावाचा तरुण वाघ तेलंगणाच्या हद्दीतून वळसा घेत, सुमारे १,३०० किलोमीटर चालून आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यात आला. २०५ चौरस किलोमीटरचं जंगल, त्यात हा एकटा वाघ. गळ्यात रेडिओ कॉलर असल्यानं तो कुठे आहे हे अभ्यासकांना कळत होतं. दिवेलागणीला बोथ्याच्या घाटातून मोटारसायकलवर घरी निघालेल्या माणसाला मात्र एवढंच ठाऊक होतं, की वाघ आहे. समोर वाघ उभा राहिला तर काय ते लगेच ठरतं. पण नुसता ‘आहे’ म्हटलं की वळणावळणाचं झुडूप वाघ होतं.

२०१४ चा ‘एलियन: आयसोलेशन’ हा गेम नेमका याच सूत्रावर बांधला आहे. ‘गेममधला राक्षस चिटिंग करतो, त्याला आपली जागा आधीच ठाऊक असते’ अशी खेळणाऱ्यांची तक्रार असते. ती अर्धीच खरी. क्रिएटिव्ह असेंब्ली या ब्रिटिश कंपनीनं त्यात दोन पातळ्या ठेवल्या. वरच्या पातळीवरच्या यंत्रणेला खेळाडू कुठे आहे हे कायम माहीत असतं. ती राक्षसाला, म्हणजे एलियनला, साधारण परिसर तेवढा सुचवते. खालचा एलियन मात्र खरोखर शोधतो: पाहतो, ऐकतो, चुकतो. तो फार वेळ तुमच्या अवतीभवती घोटाळला की वरची यंत्रणाच त्याला लांब पाठवते, कारण सतत ताणलेला माणूस शेवटी निर्ढावतो. तुम्ही सुटकेचा श्वास टाकता, तोही हिशेबात धरलेला असतो. कौतुक करावं ते या हिशेबाचं.

‘राक्षस जितका ताकदवान, तितकी भीती’ हेही पटण्यासारखं वाटतं, पण हाती मशीनगन दिली की दहा राक्षस आले तरी ती मारामारीच होते. हॉरर गेम राक्षसाची ताकद वाढवण्याऐवजी खेळणाऱ्याची कमी करतो. २०१० च्या ‘अ‍ॅम्नेशिया: द डार्क डिसेंट’मध्ये हत्यारच नाही, पळा किंवा लपा. वर अंधारात फार वेळ राहिलं तर नायकाचं डोकं फिरू लागतं आणि उजेडात थांबलं तर तो दिसतो. २०१४ च्या ‘फाइव्ह नाइट्स अ‍ॅट फ्रेडीज’मध्ये तर खुर्चीतून उठताही येत नाही. तुम्ही रात्रपाळीचे पहारेकरी. कॅमेरे, दिवे, दारं सगळं विजेवर, आणि वीज मोजकी. राक्षस अडवायला दार लावून ठेवलं की ती भराभर संपते आणि संपली की दारं आपोआप उघडतात. लोडशेडिंगमध्ये वाढलेल्या वऱ्हाडी माणसाला यातली मेख समजावून सांगायला नको.

सिनेमा आणि गेम यांतला फरकही इथंच आहे. सिनेमात नायिका तळघरात उतरते तेव्हा आपण खुर्चीतून ‘नको जाऊ’ म्हणतो. गेममध्ये उतरायचं आपल्यालाच असतं. बटण दाबल्याशिवाय दार उघडत नाही.

‘असले गेम भित्र्यांचं काम नाही’ आणि याच्या उलट ‘ज्यांना हे आवडतं त्यांचं डोकं ठिकाणावर नाही’, हे दोन्ही ऐकू येतं. डेन्मार्कमधल्या आऱ्हूस विद्यापीठाच्या संशोधकांनी लोकांना हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रं बांधून एका भीतिघरात पाठवलं; तो अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं ते असं, की भीती फार कमी पडली तर मजा येत नाही आणि फार झाली तरी येत नाही. मधल्या पट्ट्यात ती सर्वांत जास्त येते. तो पट्टा प्रत्येकाचा वेगळा. आठवीतल्या थोरल्याला जे गमतीचं वाटतं, त्यानं तिसरीतल्या धाकट्याची झोप उडू शकते, आणि त्यात धाकट्याच्या हिमतीचा प्रश्न येत नाही.

पालकांच्या डोक्यात मात्र ‘भीतीचा गेम’ म्हटलं की अजून ब्लू व्हेलच येतो. ब्लू व्हेल हा डाउनलोड करून खेळायचा गेम नव्हताच. त्यात ना पडदा, ना भूत, ना गुण. २०१७ च्या उन्हाळ्यानंतर गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर तो फिरला तो पोरांना आत्महत्येला लावणाऱ्या चॅलेंजची बातमी म्हणून. केंद्र सरकारनं त्याचे दुवे काढायला कंपन्यांना सांगितलं. पुढे जानेवारी २०१८ मध्ये संसदेत सरकारनंच सांगितलं, की तपासलेल्या आत्महत्येच्या कुठल्याही घटनेत या चॅलेंजचा संबंध सिद्ध झालेला नाही. पोरगं गप्प गप्प असेल, जेवत नसेल, शाळा टाळत असेल, तर मोबाइलमधला देवमासा शोधत बसण्यापेक्षा त्याच्याशी बोलावं आणि गरज वाटली तर डॉक्टरांना दाखवावं.

आणि नुसतंच ‘ग्रॅनी’ला घाबरत असेल, तर उपाय सोपे आहेत. इअरफोन काढायला लावा. निम्मी भीती कानातून येते. दिवा लावून, कुणाला शेजारी बसवून खेळू द्या. त्या गेममध्ये सरावाचा एक प्रकारही दिलेला आहे. घर तेच असतं, खण तेच असतात, फक्त म्हातारी घरात नसते. नवख्यानं आधी तो खेळावा.