हॉकीवर घर चालतं का?

कॅनडा-अमेरिकेत अठरा वर्षांच्या आईस हॉकीपटूला एनएचएल या व्यावसायिक लीगच्या निवडीत एखाद्या क्लबने उचललं, आणि त्याच्यावर भरवसा बसला, की त्याच्यापुढे तीन वर्षांचा करार येतो. मग हंगामाला ऐंशीहून अधिक सामने. जमलं नाही तर खालच्या लीगमध्ये रवानगी होते. पण तिथेही खेळणं हीच नोकरी. आपल्याकडे हा खेळ मुख्यतः लडाखचा. तिथली पोरं गोठलेल्या तलावांवर तयार होतात आणि त्यांतल्या अनेकांची चूल लष्कराच्या किंवा आयटीबीपीच्या पगारावर पेटते.

पोटाचा प्रश्न मैदानी हॉकीतही आहेच. भंडारा जिल्ह्यातल्या तुमसरला पोरगं स्टिक घेऊन निघालं की घरचे विचारतात, खेळून पोट भरतं का? मला हा प्रश्न रास्त वाटतो. त्याचं उत्तर शोधायचं तर धनराज पिल्लेची कारकीर्द बघावी.

16 जुलै 1968चा जन्म, पुण्याजवळच्या खडकीचा. तमिळ घरातला, पण वाढला मराठी मुलखात. वडील दारूगोळा कारखान्याच्या मैदानाची देखभाल करायचे. नवी स्टिक परवडत नसे; भावंडं मोडक्या स्टिका बांधून, टाकून दिलेल्या चेंडूंनी त्याच मैदानावर खेळायची. हॉकीपटू मोहम्मद शाहिदची ड्रिबलिंग डोळ्यांत साठवून पोरगं तसं करून बघायचं. थोरला भाऊ रमेश मुंबईला आरसीएफ या खत कंपनीकडून खेळायचा, त्याच्या मागोमाग धनराजही मुंबईत आला. महिंद्राच्या संघात ज्योकिम कार्व्हालोंच्या हाताखाली तो घडला. 1989मध्ये भारतीय संघात आला आणि पुढे चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार आशियाई स्पर्धा खेळला.

खेळाचा मोबदला मात्र परदेशातून आला. लंडनचं इंडियन जिमखाना, फ्रान्समधलं लियाँ, जर्मनीतलं स्टुटगार्ट किकर्स, मलेशियातले क्लब, ढाक्याचं अबाहानी. जिथे बोलावणं आलं तिथे तो गेला. घरी कंपनीची नोकरी आणि बाहेर क्लबचा हंगाम, अशी ही दोन टोकं त्याने वर्षानुवर्षं सांभाळली.

डिसेंबर 1998मध्ये बँकॉकला त्याच्या नेतृत्वाखाली भारताने 32 वर्षांनी आशियाई सुवर्ण जिंकलं. खेळाडूंच्या भत्त्यांबद्दल तो उघड बोलला. पाठोपाठ पाकिस्तानविरुद्धच्या मालिकेतून त्याच्यासह सात ज्येष्ठ खेळाडू बाहेर! 'विश्रांती दिली' असं सांगण्यात आलं. हक्काचे पैसे मागणाऱ्या कर्णधाराला अशी वागणूक मिळावी, याची चीड आजही येते.

2011मध्ये ऑर्डोसला आशियाई चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात मुंबईच्या युवराज वाल्मीकीने पाकिस्तानविरुद्ध निर्णायक पेनल्टी स्ट्रोक मारला. मरीन लाइन्सजवळच्या त्याच्या घरात तोवर वीजही नव्हती. संघाला बक्षीस जाहीर झालं माणशी 25 हजार रुपये. खेळाडूंनी ते नाकारलं, आणि बरंच केलं.

आता चित्र पालटतंय. हॉकी इंडिया लीग 2013 ते 2017 चालली, बंद पडली आणि डिसेंबर 2024मध्ये पुन्हा सुरू झाली. लिलावात हरमनप्रीत सिंगला 78 लाख मिळाले. पुरुषांचे आठ संघ उतरले. खडकीची, मुंबईची एवढी मोठी परंपरा असलेल्या महाराष्ट्राचा त्यांत एकही नव्हता. इथल्या उद्योगांनी मनावर घेतलं तर ही उणीव भरून निघेल, आणि तुमसरच्या पालकांशी बोलताना आपल्या हाती काही ठोस असेल.