चौथ्याची शर्यत

जून उजाडला की शाळेच्या मैदानावर निवड सुरू होते. आधी क्रिकेट, मग फुटबॉल, मग कबड्डी आणि खो-खो. बोरिवली पूर्वेच्या एका शाळेत ही निवड मी कडेला उभी राहून पाहिली. ज्यांची नावं पुकारली गेली ती मुलं मैदानात थांबली, बाकीच्यांनी दप्तरं उचलली. ती फाटकाशी पोचतात तोच पी.टी.च्या सरांनी त्यांना अडवलं. "उद्या पहाटे पावणेसहाला नॅशनल पार्कच्या गेटवर या. पाण्याची बाटली आणा. बाकी काही लागत नाही." क्रॉसकंट्रीचा संघ असा उरलेल्या मुलांतून उभा राहतो. त्या संघाबरोबर मी पावसाळा आणि हिवाळा काढला. उपनगरातल्या शाळांना याहून जवळचा खेळ नाही, असं माझं मत आता पक्कं झालं आहे.

पहिल्या सकाळी पंचवीसेक मुलं-मुली आल्या. आठवी, नववी, दहावीतल्या. कुणाच्या पायात शाळेचे काळे बूट, कुणाच्या पायात मोठ्या भावाचे. सरांनी कुणाचीच वेळ लावली नाही. "जोडीदाराशी बोलता येईल इतकंच पळा. बोलणं तुटलं की वेग जास्त झाला असं समजा," एवढंच सांगितलं. मुलांनी अर्थातच ऐकलं नाही. शंभर मीटरची शर्यत असल्यासारखी सगळी सुटली आणि पहिल्या पुलापर्यंत निम्मी कंबर धरून उभी राहिली. कुणाच्या बरगडीखाली कळ आली होती, कुणाला ओकारी येत होती. सर रागावले नाहीत. त्यांनी सगळ्यांना चालायला लावलं, श्वास पोटातून घ्यायला सांगितला आणि पुन्हा सावकाश पळवलं. लांब पल्ल्याचं पहिलं शिक्षण हे थांबून राहण्याचं असतं. आपल्यात आहे ते सगळं एकदम खर्च न करण्याचं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला ते शिकायला महिना लागतो.

या खेळाची मोजदाद बहुतेक पालकांना माहीत नसते, म्हणून ती सांगते. ट्रॅकवरच्या शर्यतीत पहिला आला त्याचं नाव होतं. क्रॉसकंट्रीत माती, गवत, चढ-उतार अशा वाटेवरून सगळे संघ एकाच वेळी सुटतात आणि वैयक्तिक क्रमांकाबरोबर संघाचाही निकाल लागतो. जागतिक स्पर्धेत एका संघाचे सहा जण धावतात. त्यांतल्या पहिल्या चौघांच्या क्रमांकांची बेरीज होते आणि ज्या संघाची बेरीज सगळ्यांत कमी, तो जिंकतो. समजा एका शाळेची मुलं पहिली, दुसरी, तिसरी आणि चाळिसावी आली. बेरीज ४६. दुसऱ्या शाळेची मुलं आठवी, दहावी, बारावी आणि तेरावी आली. बेरीज ४३. पहिले तिन्ही क्रमांक घेऊनही पहिली शाळा हरली. बरोबरी झाली तर ज्या संघाचा चौथा धावपटू पुढे असेल तो संघ वरचढ ठरतो. म्हणून इथे प्रशिक्षकाची खरी मेहनत शाळेतल्या सर्वांत वेगवान मुलावर होत नाही, चौथ्यावर आणि पाचव्यावर होते. आमच्या सरांच्या वहीत पहिल्या तिघांच्या नावापुढे फारसं काही लिहिलेलं नसे. चौथ्या ते आठव्या नावापुढे मात्र शेरे असत: "उतारावर मागे रेलते", "नाश्ता न करता येतो", "गुडघा विचारणे".

आणि जागा? ती तर आपल्या दाराशी आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं. मुख्य फाटकापासून कान्हेरी लेण्यांपर्यंतचा रस्ता साधारण सहा किलोमीटरचा, काही अंतर दहिसर नदीच्या सोबतीने जाणारा आणि लेण्यांकडे जाताना चढत जाणारा. पहाटे फिरणाऱ्यांना पास मिळतो. जंगलातल्या पायवाटांवर परवानगीशिवाय शिरता येत नाही, त्यामुळे मुलं रस्त्याच्या कडेच्या मातीच्या पट्टीवरून पळतात. नियम कडक आहेत आणि ते असायलाच हवेत: पुरेसं उजाडल्याशिवाय निघायचं नाही, कुणी एकटं पुढे जायचं नाही, कुणी एकटं मागे राहायचं नाही. हे बिबट्याचं घर आहे, आपण पाहुणे आहोत, हे सर पहिल्याच आठवड्यात समजावून सांगतात. सगळ्यांत शेवटच्या मुलासोबत एक मोठा मुलगा पळतो. त्या मोठ्या मुलाला आठवड्यातून एक दिवस आपला वेग सोडून द्यावा लागतो आणि तो दिवस पाळीपाळीने सगळ्यांवर येतो.

या जंगलाच्या पश्चिमेला बोरिवली, कांदिवली, मालाड, तर पूर्वेला मुलुंड, भांडुप. मुलुंडच्या योगी हिल्सकडची मुलं त्याच डोंगराच्या दुसऱ्या उतारावर राहतात, पण दोन शाळांना एकत्र सराव करायचा तर लोकलने दादरला जाऊन उलटं यावं लागतं, नाहीतर जोडरस्त्यांच्या वाहतुकीत तास घालवावा लागतो. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे ४.७ किलोमीटरचे जुळे बोगदे याच डोंगराखालून जाणार आहेत. मोटारींची सोय होईल. मुलांनी पळायला येण्याजाण्याचा विचार त्या आराखड्यात कुणी केला असेल असं वाटत नाही, आणि मला ते खटकतं.

जुलैत पाऊस लागला की खरं क्रॉसकंट्री सुरू होतं. शाळेचं मैदान चिखलाने भरतं, फुटबॉलवाले वर्गात बसतात आणि हा संघ बाहेर पडतो. चिखलात टाच रोवली की पाय घसरतो, म्हणून पाऊल सपाट आणि आखूड टाकायचं. चढावर ढांग लहान करायची, हात जोरात हलवायचे, नजर दहा-बारा फूट पुढे ठेवायची. उतारावर मागे रेलायचं नाही, कारण मागे रेललं की प्रत्येक पावलाला आपणच ब्रेक लावतो आणि मांड्या भरून येतात. हे सांगून कळत नाही. सर एका छोट्या चढावर मुलांना वर पळवतात, खाली चालत आणतात, पुन्हा वर पळवतात. "पुढे बघ, पायाकडे नको," हे एकच वाक्य मी त्या पावसात इतक्यांदा ऐकलं की मीही चालताना मान वर ठेवायला लागले.

मुंबईची हवा हा या खेळातला वेगळाच प्रतिस्पर्धी आहे. हवेत इतकी आर्द्रता असते की घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. ऑक्टोबरच्या उन्हात तर सराव साडेसातच्या आत आटोपावाच लागतो. उष्णतेने या खेळाचं ऑलिंपिकमधलं स्थानच घालवलं, हे फार लोकांना ठाऊक नसतं. १९१२, १९२० आणि १९२४ अशा तीन ऑलिंपिकमध्ये क्रॉसकंट्री होतं. १९२४ मध्ये पॅरिसला भर उन्हाळ्यात शर्यत झाली. ३८ जण सुटले आणि फक्त १५ जणांनी शर्यत पुरी केली. फिनलंडचा पावो नुर्मी जिंकला, पण वाटेत कोसळलेल्या धावपटूंमुळे हा प्रकार ऑलिंपिकमधून गेला तो परत आला नाही. मुळात हा शाळकरी मुलांचाच खेळ. इंग्लंडमधल्या श्रूजबरी शाळेत १८३१ पासूनच्या त्याच्या नोंदी आहेत. एकाने कागदाचे कपटे टाकत पुढे पळायचं आणि बाकीच्यांनी त्या मागावर धावायचं, असं त्याचं आधीचं रूप होतं.

मुलींबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. ऑगस्टमध्ये नववीतल्या दोघी अचानक मागे पडायला लागल्या. मेहनत तीच, पण तिसऱ्या किलोमीटरला चेहरा पांढरा. सर ओरडले नाहीत. त्यांनी दोघींच्या आयांना बोलावून रक्त तपासून घ्यायला सांगितलं. दोघींचं हिमोग्लोबिन कमी निघालं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींमध्ये रक्तक्षयाचं प्रमाण ५९ टक्के आढळलं होतं, म्हणजे या दोघी अपवाद नव्हत्या. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, डब्यात गूळ-शेंगदाणे, भिजवलेले चणे, पालेभाजी आली, आणि काही आठवड्यांनी त्या पुन्हा गटात दिसू लागल्या. पळण्यामुळे आजार झाला नव्हता, आजार होता तो पळण्यामुळे उघड झाला. पाळीच्या दिवसांत काय करायचं हेही तिथे मोकळेपणाने बोललं जातं. सोबत येणाऱ्या एका शिक्षिका मुलींशी बोलतात आणि सरांना फक्त एवढंच कळवतात की आज हिने हळू पळायचं आहे.

सप्टेंबर संपता संपता पंचवीसातले दहा-बारा उरले. काहींना नडगी दुखायला लागली, तिचं एक कारण म्हणजे घरापासून गेटपर्यंतही काँक्रीटवर पळत येणं. काहींच्या घरून निरोप आला की दहावीचा क्लास पहाटे सुरू झाला. जे टिकले त्यांच्यात वेगवान फार थोडे होते. टिकले ते रोज येणारे. दूध टाकून येणारा एक, लहान भावाला शाळेत सोडायला परत धावत जाणारी एक, आणि कबड्डीत नाव न आलेली, गोल चेहऱ्याची एक मुलगी, जी कधी पहिल्या तिघींत नव्हती आणि कधी गैरहजर नव्हती.

डिसेंबरात एक आंतरशालेय शर्यत झाली. आदल्या दिवशी बोनाफाईड, जन्मदाखला, आधार कार्ड, मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का, अशी कागदांची वेगळीच शर्यत पार पडली. सकाळी टाचण्यांनी चेस्ट नंबर लावले गेले. सुटण्याची रेघ रुंद असते आणि दीडशे मीटरवर वाट अरुंद होते, त्यामुळे पहिल्या मिनिटात कोपरं लागतात, कुणी पडतं, आणि तिथेच कित्येकजणी दम घालवून बसतात. आमच्या मुली मागून सुटल्या. हे ठरलेलं होतं. सर शेवटच्या रेघेवर उभेच राहिले नाहीत. ते तिसऱ्या चढाच्या पायथ्याशी थांबले, कारण त्यांच्या हिशेबात चौथी मुलगी तिथे ढेपाळण्याची शक्यता होती. ती आली तेव्हा पुढच्या सात-आठजणी चालायला लागल्या होत्या. सर म्हणाले, "बाळा, ढांग लहान कर. तुझ्याच नंबरची बेरीज व्हायची आहे." तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. चढ संपेपर्यंत तिने त्या सगळ्यांना मागे टाकलं होतं. संघ तिसरा आला. बक्षीस घेताना सगळ्यांत शेवटी उभी राहिलेली तीच होती आणि बाकीच्या तिघींनी चषक तिच्या हातात दिला.

महाराष्ट्राच्या लांब पल्ल्याच्या धावपटूंची नावं घ्या. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत, २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य. साताऱ्याच्या माण तालुक्यातली ललिता बाबर, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची अंतिम फेरी. बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात गेल्यावर २०१५ मध्ये क्रॉसकंट्रीत उतरला, तिथून स्टीपलचेसकडे वळला आणि २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य घेऊन आला. ही सगळी पाड्यांवरची, दुष्काळी तालुक्यांतली मुलं. तिथे रस्ते मोकळे असतात, एवढंच कारण मला पटत नाही. आपल्याकडे अख्खं जंगल आहे, आरे आहे, कांदिवलीला भारतीय खेळ प्राधिकरणाचा ट्रॅक आहे. आपल्याकडे नाही ती शाळांची तयारी. उपनगरातल्या मैदानांवर पहाटे सर्वांत नेमाने पळताना दिसतात ती पोलीस भरतीची मुलं, मुलगे १६०० मीटरसाठी, मुली ८०० मीटरसाठी. त्यांच्यातले अनेकजण अठराव्या-विसाव्या वर्षी पहिल्यांदा धावायला शिकत असतात. तेराव्या वर्षी शाळेने शिकवलं असतं तर तोच मैलाचा टप्पा त्यांना जड गेला नसता.

या संघाचा खर्च मी पाहिला आहे. बूट, पास, केळी आणि चिक्की, प्रवास. क्रिकेटच्या एका किटमध्ये तो भागतो. लागतो तो एक शिक्षक, जो पहाटे उठेल, आणि एक मुख्याध्यापक, जो त्या शिक्षकाचा पहिला तास मोकळा ठेवेल. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे: येत्या जूनमध्ये इतर खेळांची निवड झाल्यावर फाटकाकडे निघालेल्या मुलांना थांबवा आणि त्यांतल्या सहा मुली आणि सहा मुलगे यांची नावं क्रॉसकंट्रीसाठी नोंदवा. पालकांना एवढंच सांगते की पहाटेचा क्लास संध्याकाळीही लावता येतो, पळणं मात्र या हवेत सकाळीच करावं लागतं.