आधी ‘घालीन लोटांगण’?

गेल्या गणपतीत सप्तापूरच्या आमच्या घरी आरतीची सुरुवातच ‘घालीन लोटांगण’ने झाली. काका सवयीने स्वतःभोवती फिरलेसुद्धा! चूक माझी होती.

आजीच्या वहीची पानं सुटायला लागली, म्हणून मी सगळ्या आरत्या टाइप करून मोबाइलवर दिसतील असं केलं. आजी सांगत गेली, मी जावास्क्रिप्टमध्ये भरत गेले: ‘सुखकर्ता’, ‘लवथवती’, ‘दुर्गे दुर्घट’, ‘येई हो विठ्ठले’, मग ‘घालीन लोटांगण’, मंत्रपुष्पांजली. प्रत्येकीची किल्ली म्हणजे वहीतला पान क्रमांक.

तिथेच फसले. जावास्क्रिप्टचं साधं ऑब्जेक्ट अक्षरी किल्ल्या भरल्या क्रमाने ठेवतं. पण किल्ली पूर्णांक असेल तर लहानापासून मोठ्यापर्यंत लावून घेतं. ‘घालीन लोटांगण’ होतं पान २ वर. ‘सुखकर्ता’ ४१ वर, कारण आजीला ती पाठच; लिहिली ती आई या घरात आल्यावर, तिच्यासाठी. म्हणजे म्हणायचा क्रम वहीत नव्हताच. तो फक्त आजीच्या तोंडी होता, आणि हल्ली ती मधेच अडखळते.

त्या रात्री ऑब्जेक्ट काढून ‘मॅप’ वापरला. तो २०१५ पासून जावास्क्रिप्टमध्ये आहे, आणि किल्ली आकडा असो वा शब्द, भरल्या क्रमानेच परत देतो. पायथनवाल्यांना हे सुख साध्या ‘डिक्ट’मध्येच मिळतं, ३.७ पासून, म्हणजे २०१८ पासून, क्रमाची हमी आहे. आत नोंदी एकाखाली एक लिहिलेल्या असतात, आणि कुठली कुठे आहे ते सांगणारी छोटी सूची वेगळी. वही आणि तिची अनुक्रमणिका म्हणा ना! त्यामुळे शोधणंही झटपट होतं. (जावात मात्र ‘हॅशमॅप’वर विसंबू नका, ‘लिंक्डहॅशमॅप’ घ्या.)

दुसऱ्या दिवशी ‘दुर्गे दुर्घट’मधलं शुद्धलेखन सुधारलं. त्याच किल्लीला नवा मजकूर दिला, जागा हलली नाही. ‘येई हो’ मात्र पूर्ण काढून पुन्हा टाकली.

संध्याकाळी मंत्रपुष्पांजली झाली, सगळे प्रसादाकडे वळले, आणि मोबाइलवर ‘येई हो’ उमटली. काढून पुन्हा घातलेली नोंद शेवटी जाते, हे मला तेव्हा कळलं.

आजीने ताम्हण खाली ठेवलं नव्हतं. “अगं, विठ्ठल राहिला की,” म्हणाली, आणि तिनेच सुरू केली.