जागा, जोड आणि परगावची प्रत

संघटनांची दप्तरे आता पत्र्याच्या ट्रंकेतून संगणकात गेली आहेत. घरोघरचे फोटो, सातबाऱ्याच्या नकला, जमाखर्च हेही त्याच वाटेने गेले. ज्याला जमते तो घरीच एक सर्व्हर मांडतो. म्हणजे सर्वांसाठी सदैव चालू राहणारा, दोन-चार डिस्क बसविलेला संगणक. तो मांडताना प्रश्न येतो तो असा की, पैसे मोजून घेतलेल्या जागेपैकी किती वापरावयाची आणि किती राखावयाची?

समजा, ४ टेराबाइटच्या ४ डिस्क आहेत. एकूण १६ झाले. सगळी जागा वापरली आणि एक डिस्क बसली, तर तिच्यावरचे गेले. दोन-दोनच्या जोड्या लावल्या, एकीवर लिहिलेले दुसरीवर आपोआप उमटू दिले, तर एक गेल्याने काम अडत नाही. पण वापरावयास ८च उरतात.

तिसरी रीत मुनिमाची आहे. मोंढ्यातल्या आडतीवर मुनीम ७, ५ आणि ९ लिहून खाली बेरीज २१ मांडतो. पाचावर शाई सांडली तरी २१ मधून ७ आणि ९ वजा केले की तो परत मिळतो. संगणकाची बेरीज निराळ्या जातीची असते, पण तत्त्व हेच. एका डिस्कइतकी जागा बेरजेला दिली की १२ उरतात. मात्र दोन आकडे एकदम पुसले तर बेरीज कामाची नाही. शिवाय नव्या डिस्कवर हिशेब पुन्हा मांडला जाईपर्यंत उरलेल्या, तितक्याच जुन्या डिस्कना तासन्‌तास राबावे लागते, आणि दुसरी बसण्याची भीती नेमकी तेव्हाच असते. स्वस्त डिस्कांच्या समूहाची ही कल्पना बर्कले विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनी १९८८ साली 'रेड' या नावाने मांडली.

आता जोड लावली म्हणजे प्रत झाली, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नव्हे. जोड ही फार आज्ञाधारक असते. इकडे फाइल चुकून पुसली की तिकडेही त्याच क्षणी पुसली जाते. खंडणीखोर व्हायरसने कुलूप घातले की दोन्हींवर पडते. आणि चोर तर पेटीच उचलतो!

२१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली. पाच माणसे दगावली, मजलेच्या मजले फायलींसह जळाले. 'आदर्श' प्रकरणाचे मूळ कागद मात्र वाचले, कारण ते आधीच सीबीआयने नेले होते. चौकशीवाल्यांनी कागद नेल्याचा असाही उपयोग! वाचण्याचे कारण एकच, कागद त्या इमारतीत नव्हते.

म्हणून पैसे थोडे असतील तर माझे मत स्पष्ट आहे: दुसरी डिस्क पहिलीशेजारी जोडू नये, दुसऱ्या गावी ठेवावी. ज्याचे दुकान तासभरही बंद राहून चालत नाही, त्याने जोड अवश्य लावावी. पण परगावची प्रत झाल्यावर. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक अन्यत्र, असा नियम छायाचित्रकार पीटर क्रोघ यांच्यामुळे प्रसिद्ध झाला. लोह्यातल्या माणसाने एक डिस्क नांदेडला लेकीकडे ठेवली, तिच्यावर सांकेतिक कुलूप घातले आणि महिन्याला बदलली, की निम्मे काम झाले. कुलपाचा परवलीचा शब्द मात्र त्याच सर्व्हरवर लिहून ठेवू नये.

जागा पुरत नाही म्हणणाऱ्याने आधी निवड करावी. सिनेमे पुन्हा मिळतात, त्यांना एकच प्रत पुरे. हमालाची पंचवीस वर्षांची हजेरी आणि लेव्हीच्या पावत्या पुन्हा कोण देणार? १९६९ च्या माथाडी कायद्याने हक्क दिले, पण म्हातारपणी आपण इतकी वर्षे पाठीवर पोती वाहिली हे दाखवावयाचे तर कागदच लागतो. असले दप्तर सगळे मिळून एका पेनड्राइव्हमध्ये मावते. त्याच्या कालच्या, गेल्या आठवड्याच्या आणि गेल्या महिन्याच्या अशा निरनिराळ्या प्रती ठेवाव्यात, कारण चूक कधीकधी महिन्याने उमगते. आणि अधूनमधून परगावच्या डिस्कवरची एखादी पावती दुसऱ्याच संगणकावर उघडून, तिच्यावरचे नाव व तारीख वाचून पाहावी.