उघडता येणारी गाडी

न्हावा शेवा बंदर 1989 साली सुरू झालं, आणि परदेशी बनावटीच्या नव्या मोटारी देशात उतरवायला सरकारनं जी मोजकी ठिकाणं नेमून दिली आहेत, त्यांत आज त्याचं नाव आहे. म्हणजे इंग्लंडातल्या गुडवुडची रोल्स-रॉइस किंवा क्रूची बेंटली समुद्रमार्गे मुंबईच्या मालकाकडे निघाली, की तिचा भारतातला पहिला मुक्काम उरण तालुक्यात पडण्याची शक्यता मोठी. आम्हा उरणकरांना ती दिसत नाही. जासईच्या रस्त्यावर ट्रेलरांची रांग दिसते आणि ट्रेलरांवर बंद कंटेनर दिसतात. 24 जुलै 2025 रोजी भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या. ठरलेल्या कोट्यापुरतं ब्रिटिश मोटारींवरचं आयात शुल्क शंभर टक्क्यांच्या वरून टप्प्याटप्प्यानं दहा टक्क्यांवर येणार आहे, त्यामुळे अशा गाड्या आणखी येतील. त्या सुंदर असतात, हे मी मोकळ्या मनानं मान्य करतो. पण मला लिहायचं आहे त्यांच्या आधीच्या पिढ्यांविषयी, कारण त्या गाड्या मालकाला आणि मिस्त्रीला आत डोकावू देत.

या गाड्यांची महाराष्ट्रातली गोष्ट 1908 सालच्या मुंबई-कोल्हापूर चाचणीपासून सुरू करावी. ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाची रोल्स-रॉइस तीत उतरली होती. अंतर 620 मैल आणि वाटेत सहा घाट. मुंबईहून देशावर चढणारा रस्ता तेव्हाही पनवेल-खोपोली करत बोरघाटात शिरत असे. तो घाट गाडीरस्ता म्हणून 1830 साली खुला झाला होता, बैलगाड्या आणि टांग्यांच्या हिशेबानं बांधलेला. डांबर नाही, पेट्रोल पंप नाहीत, रस्त्यात सुटा भाग मिळण्याचा प्रश्नच नाही. गाडी ती चाचणी जिंकली आणि पुढे ग्वाल्हेरच्या महाराजांनी ती विकत घेतली. संस्थानिकांची रोल्स-रॉइसवरची मर्जी आपण हिरेमाणकांच्या गोष्टींत ऐकतो. तिची सुरुवात झाली ती आपल्या घाटांतल्या धुळीत.

हे मॉडेल कंपनीच्या कागदोपत्री ‘40/50 हॉर्सपॉवर’ होतं. ‘सिल्व्हर घोस्ट’ हे आधी एकाच गाडीचं नाव होतं, नंतर ते साऱ्या मॉडेलला चिकटलं. 1906 ते 1926 या काळात इंग्लंड आणि अमेरिका मिळून अशा 7,874 गाड्या बनल्या. सहा सिलिंडर, तीन-तीनच्या दोन ठोकळ्यांत ओतलेले. इंजिन सात लिटरचं. क्रँकशाफ्टला सात बेअरिंगांचा आधार, आणि तेल दाबानं प्रत्येक बेअरिंगपर्यंत पोचवलेलं. पुढच्या चाकांना ब्रेक नव्हते, ते 1924 च्या आसपास आले. घाट उतरताना चालकाच्या हाती काय होतं, याचा विचार केला की त्या 620 मैलांचं मोल कळतं.

रोल्स-रॉइसमधला हेन्री रॉइस हा गिरणीवाल्याचा मुलगा. लहानपणी वर्तमानपत्रं विकली, मग रेल्वेच्या वर्कशॉपात उमेदवारी केली. सांगाड्याचे भाग जोडायला इतर कारखाने रिव्हेट ठोकत. रॉइसनं निमुळते बोल्ट वापरले. भोकही तितक्याच उताराचं घासून घ्यायचं, मग बोल्ट त्यात घट्ट बसतो आणि हादऱ्यानं सैल होत नाही. यातला दुसरा फायदा मला जास्त मोठा वाटतो. रिव्हेट काढायचा तर तोडावा लागतो. बोल्ट खोलता येतो. पुढे कधीतरी कोणीतरी हे उघडणार आहे, हे बनवणाऱ्यानं गृहीत धरलं होतं.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत ही कंपनी पूर्ण गाडी विकतच नसे. ती विकायची चासी: सांगाडा, इंजिन, चाकं, रेडिएटर. वरचा साज हूपर, बार्कर, थ्रप अँड मॅबर्ली अशा साजकारखान्यांत चढे, आणि यातले काही कारखाने मुळात घोड्याच्या बग्ग्या बनवणारे. आधी ॲशच्या लाकडाचा सांगाडा उभारायचा, मग त्यावर हातानं ठोकून आकार दिलेला ॲल्युमिनियमचा पत्रा. राजेशाही मोटार म्हणजे निम्मं सुतारकाम होतं, हे चकचकीत रंगाखाली दिसत नाही. करंजाच्या किनाऱ्यावर लाकडी होडीचं काम पाहिलेल्या माणसाला मात्र ते चटकन समजेल. तिथे आधी पठाण म्हणजे होडीचा कणा, त्याला वांक म्हणजे फासळ्या, मग फळ्या. इथे चासी, त्यावर लाकडी कमानी, मग पत्रा. दोन्हीकडे खरी अक्कल सांध्यात लागते, आणि दोन्हीकडे पाणी सांध्यातूनच शिरतं. करंजा-मोऱ्याला आता फायबरच्या होड्या वाढल्या आहेत आणि लाकडाला हात लावणारे सुतार कमी झाले आहेत. फायबर हलकं असतं, त्याला देखभाल कमी लागते, मच्छीमारानं ते का निवडू नये? प्रश्न पडतो तो पुढचा: सांधा जोडणारा हात एकदा गेला की तो कुठून आणायचा.

संस्थानं विलीन झाली, 1971 साली तनखे बंद झाले, आणि राजवाड्यांच्या गॅरेजांतल्या गाड्या बाहेर पडल्या. काही परदेशी गेल्या, काही भंगारात, काही संग्राहकांकडे. मुंबईचे प्राणलाल भोगीलाल यांनी जमवलेला संग्रह अहमदाबादजवळ कठवाड्याला आहे. एवढ्या गाड्या वाचल्या त्यात संग्राहकांच्या पैशाइतकाच वाटा इथल्या मिस्त्र्यांचा होता, आणि मिस्त्री तयार झाले होते एका साध्या गाडीवर.

ती गाडी म्हणजे ॲम्बेसेडर. तिचं मूळ इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. 1950 च्या दशकाअखेरीपासून 2014 पर्यंत ती बंगालमध्ये उत्तरपाड्याला बनत राहिली. तिच्या जुन्या मॉडेलांत एसयू कार्ब्युरेटर असे. इंजिनाच्या ओढीनं वरखाली होणारा एक पिस्टन, त्याला लटकणारी निमुळती सुई, आणि सुई जितकी वर तितकं पेट्रोल जास्त. याच घराण्याचे मोठे कार्ब्युरेटर जॅग्वारवर असत, रोल्स-रॉइसच्या सिल्व्हर शॅडोवरही असत. त्यामुळे सरकारी ॲम्बेसेडरची सुई कानानं जुळवणारा मिस्त्री राजाच्या गाडीपुढे अडाणी ठरत नव्हता. विजेच्या भागांचंही तेच. ब्रिटिश गाड्यांचे डायनामो, स्टार्टर, दिवे बहुधा बर्मिंगहॅमच्या ल्यूकसचे. त्यांची भरवशाबद्दल फारशी ख्याती नव्हती. पण 1961 पासून ल्यूकस-टीव्हीएसच्या रूपानं ते भाग मद्रासेत बनू लागले आणि गल्लीतल्या वायरमनला त्यांची ओळख झाली.

नटबोल्टाची गोष्ट निराळी. जोसेफ व्हिटवर्थनं 1841 साली स्क्रूच्या आट्यांचं प्रमाण ठरवलं. आट्याचा कोन 55 अंशांचा. जुन्या ब्रिटिश गाड्यांवर हे किंवा याच्याशी जुळणारे आटे असतात, आणि आजचा मिलिमीटरचा पाना त्यांवर बसत नाही. बसल्यासारखा वाटतो, मग घसरतो आणि नटाचे कोपरे खाऊन टाकतो. मी अशा कोपरे गेलेल्या नटांकडे पाहिलं की मला त्या गाडीचा मधला सगळा काळ दिसतो: कोणाच्या तरी घाईत, चुकीच्या पान्यानं गेलेला.

आता वळण येतं 1965 चं. सिल्व्हर शॅडो आली, तिच्यात वेगळी चासी नव्हती. कवच हाच सांगाडा. ब्रेकला आणि गाडीची उंची सावरायला सित्रोएनच्या परवान्यावरची हायड्रॉलिक यंत्रणा. इंजिनाच्या कॅमशाफ्टवर चालणारे दोन पंप त्या यंत्रणेत प्रचंड दाब भरत. या गाड्या पुढे जुन्या बाजारात त्या मानानं स्वस्त मिळू लागल्या आणि हौशी माणसं फसली ती इथेच. गाडी परवडते, तिची सीलं परवडत नाहीत. तिला ठरवून दिलेलंच तेल लागतं; चुकीचं तेल घातलं तर रबरी सीलं खराब होतात आणि ब्रेकचं काम पहिल्यापासून काढावं लागतं. तरीही शॅडो उघडता येते. पंप खोलता येतो, सील बदलता येतं, पितळेचा बुश लेथवर कापता येतो.

पुढच्या पिढ्यांच्या आलिशान गाड्यांत दारापासून हवेच्या सस्पेन्शनपर्यंत प्रत्येक कामाला वेगळा इलेक्ट्रॉनिक डबा आला. डबा बिघडला की तो उघडायचा नसतो, बदलायचा असतो, आणि नव्या डब्याची गाडीला ओळख पटवायला कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं. तंत्रज्ञान नवं आहे ही माझी तक्रार नाही. 1908 ची सिल्व्हर घोस्टही तिच्या काळातलं सर्वांत नवं तंत्रज्ञान होती, आणि आजच्या विजेवरच्या रोल्स-रॉइस स्पेक्टरमध्येही चामडं आणि लाकूड कसबी माणसंच जोडतात. पण त्या चामड्याखालचं यंत्र कुलूपबंद आहे. हातकाम वर राहिलं, आत राहिलं नाही. शंभर वर्षांपूर्वीची घोस्ट आजही चालू करता येते. आजच्या गाडीतल्या चिपा आणि सॉफ्टवेअर शंभर वर्षांनी कोण पुरवणार, याचं उत्तर कोणत्याही शोरूममध्ये मला मिळालेलं नाही. टाटांनी 2008 साली जॅग्वार-लँड रोव्हर घेतली तेव्हा ब्रिटिश आलिशान मोटारींच्या घराण्याची एक शाखा आपल्याकडे आली, पुण्याला या गाड्यांची जुळणीही होऊ लागली. हा प्रश्न विचारायचा हक्क त्यामुळे आपल्याला जास्तच आहे.

कायद्यानं जुन्या गाड्यांना उशिरा का होईना, ओळख दिली. 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात बदल न केलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. तिच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं. रोजच्या वापराला मात्र मनाई. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची.

उरणसारख्या ठिकाणी अशी गाडी ठेवायची तर खाऱ्या हवेशी गाठ आहे. ॲल्युमिनियमचा पत्रा लोखंडी खिळ्याला टेकतो तिथे दमटपणात पांढरी भुकटी धरते आणि पत्रा आतून खाल्ला जातो. पावसाळ्यात चामड्याला बुरशी येते, आणि रंगाखालचं लाकूड गुपचूप पाणी पितं. गाडी झाकायची तर हवा खेळेल अशा सुती कापडानं. प्लास्टिक घातलं की घाम आतच राहतो.

विकत घेणाऱ्यानं इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी चारही दारं उघडून पाहावीत. उघडल्यावर दार खाली बसलं, आणि बंद करताना उचलून धरावं लागलं, तर बिजागरी ज्या खांबात बसवली आहे त्याचं लाकूड बहुधा कुजलेलं आहे. मूळचं ॲश आपल्याकडे सहज मिळत नाही, साग चालतो. पण मापानं कोरून, पत्रा न दुखावता तो आत बसवणारा सुतार लागतो, आणि किमतीची बोलणी त्याला शोधल्यावरच सुरू करावीत.